इरी सरोवर : गाळात मुरलेला स्फुरद

अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरचे इरी सरोवर ‘मेले’, असे १९६०च्या दशकात वर्तमानपत्रांनी जाहीर करून टाकले. या शब्दाने पुष्कळ गोंधळ केला. सरोवरात उलट शेवाळ बेसुमार माजले होते. ते मरून तळाशी बसे, गाळातले जिवाणू ते कुजवताना पाण्यातला प्राणवायू संपवत आणि तळाचे जीव गुदमरत. १९५३च्या सप्टेंबरात पश्चिमेच्या उथळ भागात मेफ्लाय या किड्याच्या अळ्यांचा असाच संहार झाला होता.

गाळातले लोह प्राणवायू असेपर्यंत शेवाळाला पोसणारा स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, धरून ठेवते आणि प्राणवायू संपला की सोडून देते, हे इंग्लंडमधल्या तळ्यांच्या अभ्यासातून १९४०च्या सुमारासच कळले होते.

शेवाळ कशामुळे माजते हा वाद पेटला तो धुण्याच्या पावडरीतल्या फॉस्फेटवरून, म्हणजे स्फुरदाच्या संयुगावरून. पावडर उद्योगाच्या बाजूचे म्हणणे असे, की शेवाळाची वाढ स्फुरदाच्या नव्हे, कर्बाच्या (कार्बनच्या) तुटवड्याने अडते. मैल्यातले सेंद्रिय द्रव्य कुजून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि तोच शेवाळाला पोसतो. हे सरसकट खोटे नव्हते, म्हणून ते खोडायला वेळ लागला. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या एका छोट्या तळ्यात १९६९पासून फक्त नत्र आणि स्फुरद घातले. कर्ब मुळीच नाही. तरी शेवाळ वाढले, कारण कर्ब हवेतून मिळत राहिला. १९७३मध्ये शेजारचे तळे पडद्याने दुभागले. एकीकडे कर्ब आणि नत्र, दुसरीकडे त्यांच्या जोडीला स्फुरद. स्फुरदाची बाजू हिरवीगार झाली. विमानातून घेतलेला तो फोटो पाहिल्यावर वेगळा युक्तिवाद लागतच नव्हता. कॅनडाने तर १९७०पासूनच पावडरीतल्या फॉस्फेटवर मर्यादा घातली होती.

तो निकाल बरोबरच होता. मात्र त्या भरात कर्ब पार बाजूला पडला, हे माझ्या मते महागात गेले. पाण्यात कर्ब आणि स्फुरद यांचा हिशेब वेगळा मांडता येतो, गाळात येत नाही. मेलेले शेवाळ दोन्ही घेऊन खाली येते; त्यातला कर्ब कुजताना प्राणवायू खातो, लोहाची पकड सुटते आणि जुना स्फुरद पुन्हा पाण्यात येतो. इरीच्या मध्यभागी उन्हाळ्यात तळाशी गार पाण्याचा थर पातळच असतो, त्यामुळे तिथला प्राणवायू लवकर संपतो.

दोन्ही देशांच्या १९७८च्या करारात इरीत येणाऱ्या स्फुरदावर वर्षाला ११,००० टनांची मर्यादा ठरली. सांडपाण्यावर मोठा खर्च झाला, सरोवर सुधारले. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून शेतांतून वाहून येणारा विरघळलेला स्फुरद वाढला आणि शेवाळ परतले. ऑगस्ट २०१४मध्ये इरीकाठच्या टोलेडो शहरातल्या लाखो लोकांना नळाचे पाणी पिऊ नका असे सांगावे लागले. उकळूनही उपयोग नव्हता, कारण पाण्यात शेवाळाचे विष होते. २०१६मध्ये दोन्ही देशांनी २००८च्या तुलनेत ४० टक्के कपात ठरवली. ही कपात बाहेरून सरोवरात येणाऱ्या स्फुरदातली आहे. तळाच्या गाळात आधीच साठलेल्या स्फुरदाला ती लागू होत नाही.