गोगलगाय, पोटात पाय

मृगाचे दोन पाऊस पडले की कोकणात गडग्यांवर, विहिरीच्या काठावर, माडाच्या आळ्यात गोगलगायी दिसू लागतात. आणि घरात कुणी आवरायला वेळ लावला की ‘काय गोगलगाय आहेस!’ ठरलेलं. संथ आणि भिडस्त, दोन्ही अर्थ त्यात येतात. म्हण मात्र पुढे जाते: गोगलगाय आणि पोटात पाय. दिसायला गरीब, आतून पक्की. ही म्हण रचणाऱ्याने तो जीव नक्कीच उलटा करून पाहिला असणार. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच शास्त्रज्ञ कुव्हिए याने या वर्गाला गॅस्ट्रोपोडा म्हटलं, तेही ग्रीकमधल्या पोट आणि पाय या शब्दांवरूनच.

तो पाय बघायचा तर खिडकीच्या काचेवर चढलेली गोगलगाय पलीकडच्या बाजूने बघा. तळव्यावर काळसर पट्टे शेपटीकडून डोक्याकडे सरकताना दिसतात. त्या स्नायूंच्या लाटा. लाट असते तेवढाच भाग पुढे जातो, बाकीचा पाय चिकटून राहतो. खाली बुळबुळीत स्राव असतो, जवळजवळ सगळं पाणीच. दाब कमी असेल तिथे तो घट्ट धरून ठेवतो, लाटेचा जोर आला की पातळ होऊन वाट देतो आणि लगेच पुन्हा घट्ट होतो. म्हणून ती चिऱ्याच्या उभ्या भिंतीवरही पडत नाही.

याची किंमत मोठी आहे. वेग सेकंदाला जेमतेम १ मिलिमीटर, म्हणजे तासाला सुमारे साडेतीन मीटर. जीवशास्त्रज्ञ मार्क डेनी यांनी १९८० मध्ये शंख नसलेल्या गोगलगायीवर मोजमाप केलं, तेव्हा तेवढंच वजन तेवढंच अंतर नेण्यासाठी धावणं, पोहणं, उडणं या सगळ्यांपेक्षा असं सरपटणं महाग ठरलं. बहुतेक शक्ती स्राव तयार करण्यातच जाते. तिला आळशी म्हणणं मला तरी पटत नाही.

पाणी असं खर्च होत असल्याने ती ओलीत, रात्री फिरते. कोरड्या दिवसांत शंखाचं तोंड वाळलेल्या स्रावाच्या पडद्याने बंद करून पडून राहते.

बागायतीत नुकसान करणारी मोठी आफ्रिकन गोगलगाय मात्र मूळची इथली नाही. १८४७ मध्ये शंखांचे हौशी अभ्यासक विल्यम बेन्सन यांनी ती मॉरिशसहून कोलकात्यात आणली. संध्याकाळी वाडीत ओलं गोणपाट अंथरलं की ओलाव्याला ती त्याखाली जमते, सकाळी वेचता येते. वेचताना हातमोजे घाला: तिच्यात उंदरांच्या फुप्फुसातला कृमी असू शकतो आणि तो माणसाच्या मेंदूपर्यंत पोचतो.