सर्वसाधारण कर की विशेष कर? कॅलिफोर्नियात एकाला निम्म्याहून एक मत जास्त पुरतं, दुसऱ्याला दोन तृतीयांश लागतात

सांता क्लारा काउंटीत १९९२ साली रस्ते आणि रेल्वेसाठी डॉलरमागे अर्धा सेंट जादा सेल्स टॅक्स मतदानाला आला. सुमारे ५४ टक्के लोकांनी होकार दिला. तरीही १९९५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. १९९६ मध्ये त्याच काउंटीत अर्ध्या सेंटचाच कर पुन्हा आला, जेमतेम ५२ टक्के मतं पडली आणि तो कोर्टातही टिकला. दर तोच, मतं आधीपेक्षा कमी. बदललं होतं ते एवढंच की पैसा कुठल्या कामाला बांधलेला आहे.

पैसा शहराच्या किंवा काउंटीच्या सामाईक तिजोरीत जाऊन कुठल्याही कामावर खर्च करता येत असेल तर तो सर्वसाधारण कर. त्याला साधं बहुमत पुरतं. ठरावीक कामासाठीच वापरायचं बंधन असेल तर तो विशेष कर, आणि त्याला दोन तृतीयांश मतं हवीत. विशेष कराची अट १९७८ च्या प्रपोझिशन १३ मधून आली (प्रपोझिशन म्हणजे राज्यभर मतदानाला आलेला प्रस्ताव). १९९६ च्या प्रपोझिशन २१८ ने दोन्ही नियम राज्यघटनेत पक्के केले. ३०,००० मतं पडली तर सर्वसाधारण कराला १५,००१ ‘हो’ पुरतात, विशेष कराला २०,००० लागतात. म्हणजे विशेष करात प्रत्येक ‘नाही’ला दोन ‘हो’ जमवावे लागतात.

१९९२ चा कर एकट्या वाहतुकीसाठी नेमलेल्या संस्थेचा होता, त्यामुळे तो विशेष ठरला आणि ५४ टक्के अपुरे पडले. १९९६ मध्ये काउंटीने दोन वेगळे प्रश्न विचारले. मेझर बी म्हणजे कर, त्यात खर्चाचं कसलंही बंधन नाही. मेझर ए म्हणजे वाहतूक प्रकल्पांची यादी, पण फक्त सल्ला म्हणून. कायद्याच्या नजरेत पैसा मोकळाच राहिला. अशी जोडी आजही मतपत्रिकेवर दिसते. ती कायदेशीर आहे, पण मतदाराने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: सल्ल्याचा प्रश्न कितीही मतांनी जिंकला तरी तो पुढच्या कौन्सिलला (शहराच्या निवडून आलेल्या सभागृहाला) बंधनकारक नसतो. पैसा रस्त्यालाच लागावा ही तुमची अट असेल, तर ती हमी विशेष करातच मिळते. तिथे रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून दरवर्षी अहवाल द्यावा लागतो.

सर्वसाधारण कराला मतदारांची अट सोपी असली, तरी मतपत्रिकेपर्यंत पोचणं तितकं सोपं नसतं. स्वतःची सनद (चार्टर, म्हणजे शहराची स्वतःची घटना) नसलेल्या शहरात आधी कौन्सिलच्याच दोन तृतीयांश सदस्यांची संमती लागते, म्हणजे पाच जणांच्या कौन्सिलमध्ये चौघांची. शिवाय मतदान कौन्सिलच्या नेहमीच्या निवडणुकीबरोबरच घ्यावं लागतं. एरवी घ्यायचं तर कौन्सिलने एकमताने आणीबाणी जाहीर करावी लागते.

मग घरी आलेली मतपत्रिका वाचायची कशी? प्रश्न ७५ शब्दांत बसवावा लागतो, त्यामुळे त्यातला शब्दन् शब्द जोखून घातलेला असतो. ‘पोलीस, अग्निशमन, रस्ते यांसारख्या सेवांसाठी’ असं लिहिलं असेल तर थांबा. ‘यांसारख्या’ म्हणजे ती उदाहरणं आहेत, बंधन नाही. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. माहितीपुस्तिकेत सरकारी वकिलाचं तटस्थ विश्लेषण असतं. कर कुठल्या प्रकारचा आणि किती मतं हवीत ते तिथे पाहा. पार्सल टॅक्स, म्हणजे घराच्या किमतीवर नव्हे तर प्रत्येक भूखंडामागे लावलेला कर, असेल तर सहसा दोन तृतीयांशच लागतात.

शाळांच्या बाबतीत घोळ वाढतो. शाळेच्या इमारतीसाठीच्या बॉण्डला, म्हणजे करातून फेडायच्या कर्जाला, २००० च्या प्रपोझिशन ३९ नुसार ५५ टक्के पुरतात, पण प्रकल्पांची यादी, दरवर्षीचं ऑडिट आणि नागरिकांची देखरेख समिती सक्तीची. या पैशातून शिक्षकांचे पगार देता येत नाहीत. पगारासाठी शाळा पार्सल टॅक्स मागते, आणि तिथे परत दोन तृतीयांश. म्हणून एकाच शाळेचा बॉण्ड ५८ टक्क्यांना पास होतो आणि तेवढ्याच मतांना पार्सल टॅक्स पडतो. शहरांच्या बॉण्डलाही दोन तृतीयांशच लागतात. घरबांधणी आणि सार्वजनिक कामांच्या बॉण्डसाठी ही अट ५५ वर आणणारं प्रपोझिशन ५ मतदारांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये नाकारलं.

आणखी एक वाट आहे. कौन्सिलऐवजी नागरिकांनी सह्या गोळा करून कर मतपत्रिकेवर आणला, तर तो विशेष असूनही साधं बहुमत पुरतं, असे निकाल अपलँड शहराच्या २०१७ च्या खटल्यानंतर राज्याच्या अपील न्यायालयांनी दिले. सॅन फ्रान्सिस्कोचा बेघरांसाठीचा २०१८ चा कर सुमारे ६१ टक्क्यांवर असाच टिकला. म्हणून विश्लेषणात प्रस्ताव कुणी आणला तेही बघावं.

पुण्या-मुंबईहून आलेल्यांना हे सगळं नवं असतं. तिकडे मालमत्ता कराचा दर महापालिकेत ठरतो, घरी मतपत्रिका येत नाही. इथे ग्रीन कार्ड किंवा एच-वन-बी वर असलेल्यांना हे कर भरावे लागतात, पण या करांवर मत देता येत नाही. नागरिकत्व घेतलेल्यांनी तरी पान उलटून पाहावं, कारण स्थानिक प्रश्न बहुधा शेवटी असतात. कोरा सोडलेला प्रश्न ‘नाही’ धरला जात नाही. टक्केवारी फक्त त्या प्रश्नावर पडलेल्या मतांची निघते.