संदर्भशोध

एखाद्या विषयावर आजवर झालेले संशोधन पद्धतशीरपणे हुडकून काढणे म्हणजे संदर्भशोध. प्रबंध असो वा शोधनिबंध, कामाला सुरुवात येथूनच होते.

यातली खरी अडचण शब्दांची आहे. शोधणारा जो शब्द टाकतो, तोच लेखकाने वापरलेला असेल याची खात्री नसते. 'हार्ट अटॅक'वरचा निबंध 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' या नावाने छापलेला असतो. यावर तोड म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९६० मध्ये 'मेश' ही विषयशीर्षकांची यादी काढली. निबंधात शब्द कोणताही असो, नोंद ठरलेल्या शीर्षकाखालीच होते. पबमेड या त्याच ग्रंथालयाच्या वैद्यकीय निबंधांच्या शोधसेवेत 'हार्ट अटॅक' टाकले, तरी शोध त्या शीर्षकापर्यंत आपोआप पोचतो.

अशी सोय नसेल तेथे समानार्थी शब्द आधी कागदावर मांडावेत. एकाच कल्पनेचे शब्द 'ऑर'ने (यांपैकी कोणताही चालेल) जोडून कंसात घालायचे आणि निरनिराळ्या कल्पनांचे कंस 'अँड'ने (सगळे हवेत) सांधायचे. सलग शब्दसमूह हवा असेल तर तो अवतरणचिन्हांत टाकावा. शब्द वगळणारे 'नॉट' मात्र फार जपून वापरावे. मुलांवरचे अभ्यास नकोत म्हणून 'मुले' हा शब्द वगळला, की मुले आणि प्रौढ या दोघांवर केलेला अभ्यासही गळतो, आणि तो गळल्याचे कळतही नाही.

शब्दांवर विसंबायचे नसेल तर उद्धरणांचा, म्हणजे कोणत्या निबंधाने कोणत्या निबंधाचा हवाला दिला याचा, माग काढावा. अमेरिकी माहितीशास्त्रज्ञ यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये 'सायन्स सायटेशन इंडेक्स' ही अशा उद्धरणांची सूची निघाली. हाती आलेल्या चांगल्या निबंधाची संदर्भसूची चाळली की जुने काम सापडते. त्याला पुढे कोणी उद्धृत केले ते पाहिले की नवे. पुढचा माग अधिक मोलाचा, कारण मूळ निष्कर्ष खोडून काढणारे निबंध तिकडेच भेटतात. २००४ मध्ये आलेल्या गूगल स्कॉलर या शोधनिबंधांच्या शोधयंत्रामुळे हे काम कोणालाही विनामूल्य करता येते. मात्र तेथे एका शोधाचे पहिले हजारच निकाल दिसतात, म्हणून केवळ त्यावर भिस्त ठेवू नये.

कोणत्या डेटाबेसमध्ये, कोणत्या तारखेला, नेमकी कोणती शब्दरचना टाकली, हे त्याच वेळी टिपून ठेवावे. पद्धतशीर आढाव्यात (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या रीतीने गोळा करून तपासणाऱ्या निबंधात) ही रचना जशीच्या तशी छापतात, म्हणजे दुसऱ्या कोणालाही तोच शोध पुन्हा करून पडताळता येतो. वेगवेगळ्या वाटांनी शोधूनही तेच ते निबंध समोर येऊ लागले, की शोध थांबवायला हरकत नाही.