प्रज्ञावंत मुले : शाळेतील आधार आणि पालकांचा पाठपुरावा

एखाद्या किंवा अनेक क्षेत्रांत ज्यांची समज, स्मरण, तर्क किंवा सर्जनशीलता समवयस्कांच्या बरीच पुढे असते, अशा मुलांना प्रज्ञावंत म्हणतात. त्यांना झेपेल त्या गतीने आणि खोलीने शिकता यावे म्हणून शाळेने करायची व्यवस्था, आणि ती व्हावी म्हणून पालकांनी धरायचा पाठपुरावा, हा या नोंदीचा विषय आहे. नोंद मुख्यतः महाराष्ट्रापुरती आहे. येथे मुले निवडणाऱ्या परीक्षांची परंपरा जुनी आणि भक्कम आहे. निवडलेल्या मुलाचे सोमवार ते शनिवार वर्गात काय होते, याची काळजी मात्र फार थोड्या ठिकाणी घेतली जाते.

वर्गात पहिले येणारे मूल आणि प्रज्ञावंत मूल एकच, हा समज घरात आणि शिक्षकखोलीत सारखाच पक्का आहे. पहिला येणारा विद्यार्थी अभ्यासक्रम उत्तम आत्मसात करतो. प्रज्ञावंत मूल अनेकदा तो केव्हाच मागे टाकून आलेले असते, आणि म्हणून त्यात त्याचे मन लागत नाही. दुसरीतले मूल अपूर्णांकांचे प्रश्न तोंडी सोडवते, ग्रहणे कशी होतात ते समजावून सांगते; त्याच मुलाचे अक्षर वाचवत नाही, खेळात हरले की ते ढसाढसा रडते आणि गृहपाठाच्या वह्या अर्धवट असतात. बुद्धीचे वय, भावनांचे वय आणि हाताचे वय एकमेकांशी जुळत नाही, यालाच विषम विकास म्हणतात. बाईंनी डायरीत लिहिलेला ‘लक्ष देत नाही, सतत प्रश्न विचारून वर्गात व्यत्यय आणतो’ हा शेरा पुष्कळदा या विषम विकासाचीच नोंद असतो. मुलींच्या बाबतीत असा शेराही येत नाही. पाचवी-सहावीपर्यंत त्या मैत्रिणींत वेगळे दिसू नये म्हणून हात वर करणे सोडून देतात आणि ‘शांत, गुणी’ ठरतात. हे नुकसान कोणाच्याच नजरेला येत नाही, म्हणून ते अधिक मोठे आहे.

ओळख

फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये तयार केलेली बुद्धिमत्ता चाचणी शाळेत मागे पडणारी मुले शोधण्यासाठी होती. पुढे अमेरिकेत लुईस टर्मन यांनी तिचा विस्तार केला (हीच स्टॅनफर्ड-बिने चाचणी) आणि १९२१ पासून कॅलिफोर्नियातील अतिबुद्धिमान मुलांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. त्या अभ्यासासाठी तपासलेल्या, पण गुणांक कमी पडल्यामुळे न घेतलेल्या मुलांपैकी विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्वारेझ या दोघांना पुढे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. एका आकड्यावर मुलाचे भवितव्य टांगू नये, यासाठी हे उदाहरण पुरेसे आहे. मराठी मुलांपर्यंत ही चाचणी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी आणली. त्यांनी १९३०च्या दशकात स्टॅनफर्ड-बिने चाचणीचे मराठी आणि कन्नड भाषक मुलांसाठी रूपांतर केले. ‘बिने-कामत चाचणी’ या नावाने ती भारतातील अनेक बालमार्गदर्शन केंद्रांत दीर्घकाळ वापरात राहिली.

चाचणी प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञानेच घ्यावी लागते. निकालातला एकूण बुद्ध्यांक सगळे विचारतात, पण शाळेच्या कामाचा असतो तो उपचाचण्यांचा आलेख: मूल भाषेत कुठे आहे, आकृतिबंध ओळखण्यात कुठे, काम उरकण्याच्या वेगात कुठे. शिक्षकाची निरीक्षणे, मुलाने आपणहून केलेली कामे आणि पालकांनी सांगितलेला बालपणाचा वृत्तांत यांची जोड नसेल तर अहवाल अपुरा राहतो.

ज्ञान प्रबोधिनीचा प्रयोग

पुण्यात डॉ. वि. वि. उर्फ अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली. बुद्धिमान मुलांच्या बुद्धीला समाजाच्या कामाची दिशा मिळावी, ही त्यांची धारणा होती. सुरुवातीला मुले आपापल्या शाळा सांभाळून प्रबोधिनीत येत. १९६९ मध्ये सदाशिव पेठेत पूर्णवेळ प्रशाला उभी राहिली. पाचवीच्या प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या अभिक्षमता चाचण्यांमागे जे. पी. गिल्फर्ड यांचा बुद्धिरचनेचा सिद्धांत आहे. हा सिद्धांत बुद्धीला एक अखंड शक्ती मानत नाही, तर अनेक स्वतंत्र क्षमतांचा समूह मानतो. एका प्रश्नाची अनेक उत्तरे शोधणाऱ्या विचारालाही त्यात जागा आहे. संस्थेच्या प्रज्ञा मानस संशोधिकेने या चाचण्या मराठीत घडवल्या आणि त्यांवर संशोधन केले.

प्रशालेची खरी ओळख मात्र प्रवेशपरीक्षा ही नाही. प्रकल्प, अभ्याससहली, ग्रामीण भागातील काम, वादसभा, स्वतः नियोजन करून पार पाडलेले उपक्रम यांतून मूल शिकते, आणि आपल्याइतक्याच तीक्ष्ण बुद्धीच्या मुलांत वावरल्याने ‘मीच सगळ्यांत हुशार’ हा भ्रम आणि ‘मी विचित्र आहे’ ही भीती दोन्ही गळून पडतात. स्वतंत्र शाळेचा हा लाभ मोठा आहे. तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे: वर्षाला प्रवेश मिळतो तो मूठभर मुलांना. राज्यातील इतर असंख्य प्रज्ञावंत मुले साध्या शाळांतच आहेत आणि तिथेच राहणार आहेत.

परीक्षा निवडतात, पुढे काय?

महाराष्ट्रात गुणवत्ता शोधण्याचे सर्वांत परिचित साधन म्हणजे महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा. ती दीर्घकाळ चौथी आणि सातवीत होती, २०१७ पासून काही वर्षे पाचवी आणि आठवीत घेतली गेली. प्रथम भाषा, गणित, तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी यांच्या तयारीसाठी अनेक गावांत शिक्षक सकाळी लवकर जादा तास घेतात. त्या शिक्षकांची निष्ठा वादातीत आहे. पण सरावसंचांच्या माऱ्यात बुद्धिमत्ता चाचणीसुद्धा पाठांतराचा विषय होते, आणि गुणवत्ता यादी लागल्यावर शाळेचा फलक रंगतो, मुलाचा वर्ग मात्र तसाच राहतो. १९६३ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय प्रज्ञाशोध योजना तर २०२१ नंतर स्थगितच आहे. मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा, सहावी आणि नववीसाठी असलेली, यात थोडी वेगळी ठरते. कारण तिच्यात प्रात्यक्षिक आणि कृतिसंशोधन प्रकल्प करावा लागतो.

परीक्षेपलीकडचे खाद्य देणारी काही ठिकाणे आहेत. श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये पुण्यात स्थापलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानात शाळकरी मुलांना गणित ऑलिंपियाडसाठी मार्गदर्शन मिळते. मुंबईच्या मानखुर्दमधील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र हे भारतातील विज्ञान आणि गणित ऑलिंपियाडचे मध्यवर्ती केंद्र आहे. १९९६ची आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड मुंबईतच झाली. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेने मुक्तांगण विज्ञान शोधिका उघडली आणि दुसऱ्या शनिवारची व्याख्याने शाळांसाठी खुली ठेवली. ही सगळी नावे मुंबई-पुण्याची आहेत, हे वाचकाच्या ध्यानात येईलच.

साध्या वर्गात काय करता येते

पुष्कळ काही, आणि तेही खर्चाविना. घटक सुरू करण्यापूर्वी त्याचीच चाचणी घ्यावी; मुलाला तो आधीच येत असेल तर त्याच प्रकारची वीस गणिते पुन्हा करायला न लावता तो वेळ अवघड, खुल्या प्रश्नाला द्यावा. एखाद्या विषयापुरते वरच्या वर्गात बसू द्यावे. ग्रंथालयाचे इयत्तेनुसार पुस्तक देण्याचे बंधन अशा मुलापुरते सैल करावे. गावातला एखादा अभियंता, पक्षिनिरीक्षक, पेटीवादक, निवृत्त प्राध्यापक यांच्याशी मुलाची गाठ घालून द्यावी. अगोदर काम संपवणाऱ्या मुलाला ‘आता मागच्यांना शिकव’ असे रोजच सांगणे हा उपाय सर्रास वापरला जातो. कधीमधी ठीक, पण रोज केल्यास त्यात त्या मुलाचे शिकणे थांबते आणि वर्गमित्रांशी नातेही बिघडते.

वरची इयत्ता देणे, जुन्या पिढीतले ‘डबल प्रमोशन’, हा उपाय पूर्वी मुख्याध्यापक सहज वापरत. आता वयाचे नियम कडक असल्याने तो दुर्मिळ झाला आहे. जिथे तो विचारात घ्यायचा तिथे बुद्धीबरोबर मुलाची मैत्री, शरीरयष्टी आणि मुख्य म्हणजे त्याची स्वतःची इच्छा पाहावी लागते.

पालकांचा पाठपुरावा

भारतात प्रज्ञावंत मुलांसाठी स्वतंत्र कायदा नाही. तरी पालकाचे हात रिकामे नाहीत. बालकांच्या शिक्षणहक्क कायद्याचे (२००९) कलम २९ अभ्यासक्रम आणि मूल्यमापन ठरवताना मुलाचे ज्ञान, सुप्त सामर्थ्य आणि प्रतिभा यांची वाढ विचारात घेण्यास सांगते. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये विशेष प्रतिभेच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा भाग आहे: शिक्षकांनी पूरक साहित्य द्यावे, शाळा ते जिल्हा पातळीवर विषयवार मंडळे आणि प्रकल्पगट असावेत, बी.एड.मध्ये या शिक्षणाचे विशेषीकरण असावे, असे त्यात म्हटले आहे. धोरण म्हणजे हक्क नव्हे. पण मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवायला त्याचा आधार पक्का आहे.

प्रत्यक्षात पहिले दार वर्गशिक्षकाचे. थेट मुख्याध्यापकांकडे किंवा शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेलेला पालक पहिल्याच दिवशी शिक्षकाला गमावतो. ‘आमचा मुलगा फार हुशार आहे, त्याला शाळेत कंटाळा येतो’ या वाक्यात शिक्षकाला आपल्यावरचा ठपका ऐकू येतो. त्याऐवजी मुलाने घरी केलेली दोन-तीन कामे दाखवावीत, वर्गात काय दिसते ते आधी ऐकून घ्यावे आणि एकच, आटोपशीर, मोजता येणारी मागणी करावी: ‘बाई, गणिताच्या तासाला आठवड्यातून दोनदा त्याला हे पुस्तक सोडवू द्याल का? महिनाभराने मी पुन्हा येऊन भेटतो.’ पन्नास मुलांच्या वर्गात पोर्शन पूर्ण करायची शिक्षकाची अडचण खरी आहे, आणि ती मान्य केल्यावरच बोलणे पुढे सरकते. भेटीत ठरलेले दोन ओळींत लिहून शाळेला द्यावे. पुढच्या वर्षी शिक्षक बदलतात, कागद राहतो. एकट्या पालकाची मागणी हट्ट वाटते, चार पालकांनी पालक-शिक्षक संघात मांडलेली तीच मागणी ‘गणित मंडळ’ किंवा ‘शनिवारचा प्रयोगवर्ग’ म्हणून मंजूर होते आणि तिचा लाभ इतर मुलांनाही होतो.

पाठपुरावा आणि मुलाचे प्रदर्शन यांतली रेषा पालकांनी स्वतः सांभाळायची असते. नातेवाइकांपुढे राजधान्या म्हणून दाखवायला लावलेले, प्रत्येक स्पर्धेला बसवलेले मूल लवकरच हरण्याला घाबरू लागते आणि जे जमणार नाही असे वाटते त्याला हातच लावत नाही. अशा मुलाला अवघड काम मिळणे आणि त्यात चुकण्याची मोकळीक असणे अत्यावश्यक आहे.

काही मुले प्रज्ञावंत असूनही वाचन, लेखन किंवा गणनाच्या अध्ययन अक्षमतेने अडलेली असतात. एक बाजू दुसरीला झाकते आणि मूल ‘साधारण’ गणले जाते. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात (२०१६) आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयासारख्या सरकारमान्य केंद्राचे प्रमाणपत्र असल्यास राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. सवलत मागताना त्याच अर्जात मुलाच्या बलस्थानासाठी अधिक आव्हानही मागावे, कारण शाळा बहुधा पहिले देते आणि दुसरे विसरते.

ज्यांच्या घरून कोणी येत नाही

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या, मजुरी बुडवून शाळेत येऊ न शकणाऱ्या आईबापांच्या मुलांसाठी हा पाठपुरावा शिक्षकालाच करावा लागतो, आणि जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत गुरुजी आणि बाई तो करतातही. या मुलांसाठी दोन वाटा सर्वांत उपयोगी आहेत. आठवीतल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांसाठीची राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण होऊन निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. दुसरी वाट जवाहर नवोदय विद्यालयांची. १९८५-८६ मध्ये प्रयोग म्हणून सुरू झालेल्या पहिल्या दोन नवोदयांपैकी एक अमरावतीचे होते. निवासी आणि विनामूल्य असलेल्या या शाळांत किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना आणि किमान एक तृतीयांश मुलींना असतात. अर्ज मूल पाचवीत असतानाच भरावा लागतो, आणि सहावीची ही प्रवेशपरीक्षा दुसऱ्यांदा देता येत नाही. नववीत रिकाम्या जागांसाठी वेगळी परीक्षा होते, पण त्या जागा मोजक्याच असतात. म्हणून पाचवीच्या वर्गशिक्षकाने अर्जाची तारीख लक्षात ठेवणे, दाखले जमवून देणे आणि मुलीला घरापासून दूर पाठवायला आईवडील कचरत असतील तर त्यांच्या घरी जाऊन बोलणे, हे त्या वर्षीचे सर्वांत महत्त्वाचे काम असते.