व्यसनाधीनता आणि कुटुंब

मद्य, गांजा, हेरॉइन, कोकेन, मेथॲम्फेटामीन, झोपेच्या किंवा वेदनाशामक गोळ्या अशा मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांचे सेवन एखाद्या व्यक्तीच्या आवाक्याबाहेर गेले, की तिच्यासोबत राहणाऱ्या प्रत्येकाचे जगणे त्याभोवती फिरू लागते. या नोंदीत व्यसनाचा विचार घरच्यांच्या बाजूने केला आहे. मौजेखातर नशा करणारे सगळेच व्यसनी होत नाहीत. बरेच जण काही काळाने आपणहून थांबतात. मात्र व्यसनाच्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटा जवळपास निम्मा मानला जातो. शिवाय सुरुवातीचे वय, मनावर झालेले आघात, पदार्थाचा प्रकार व तो शरीरात घेण्याची रीत यांवरही पुष्कळ अवलंबून असते, त्यामुळे आपण कोणत्या गटात मोडणार हे पहिल्या झुरक्याच्या वेळी कोणालाच ठाऊक नसते.

डीएसएम-५ या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मनोविकारांच्या निदानपुस्तिकेत व्यसनविकाराचे ११ निकष दिले आहेत. १२ महिन्यांच्या काळात त्यांतील किमान २ आढळल्यास निदान होते आणि ६ किंवा अधिक असल्यास विकार तीव्र समजतात. घरातील व कामावरील जबाबदाऱ्या न पेलणे, नातेसंबंधांत तेढ येऊनही सेवन चालू ठेवणे, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी सोडून देणे हे त्यांपैकी काही निकष डॉक्टरांच्या कितीतरी आधी घरच्यांच्या नजरेस आलेले असतात. फक्त त्यांचा अर्थ लागलेला नसतो. घरातले चमचे कमी का होतात, एखाद्या चमच्याची खालची बाजू काळी का पडली आहे, गादीखाली जळक्या रेषा असलेले ॲल्युमिनियम फॉइलचे तुकडे कसे आले (हेरॉइन चमच्यात किंवा फॉइलवर तापवून घेतले जाते), हे प्रश्न आईला पडतात आणि ती त्यांची निरुपद्रवी उत्तरे स्वतःच शोधून काढते.

वचन देऊन मोडणे हा कुटुंबाच्या वाट्याला येणारा सर्वांत कडू अनुभव होय. त्याचे कारण मेंदूत सापडते. मानसशास्त्रज्ञ जेम्स ओल्ड्स व पीटर मिल्नर यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले, की मेंदूच्या ठरावीक भागात विद्युत्‌-अग्र बसवलेले उंदीर त्या भागाला उद्दीपन मिळावे म्हणून कळ पुन्हा पुन्हा दाबत राहतात. पुढे सुखाची ओढ लावणाऱ्या मेंदूतील या यंत्रणेत डोपामीन या रसायनाचे महत्त्व स्पष्ट झाले. दीर्घकाळच्या सेवनाने ही यंत्रणा बदलते, संयमाशी संबंधित भाग दुबळे पडतात आणि तलफेला नुसता एखादा रस्ता किंवा जुना सोबती दिसणेही पुरते. म्हणून सकाळी रडून दिलेले वचन अनेकदा खरेच असते आणि संध्याकाळी ते मोडते. घरच्यांना ही निव्वळ लबाडी वाटते, आणि तसे वाटल्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही.

मद्यपीची पत्नी मुळातच विकृत स्वभावाची असते व म्हणून असा जोडीदार निवडते, असे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत काही तज्ज्ञ मानत. समाजशास्त्रज्ञ जोन जॅक्सन यांनी १९५४ मध्ये हा दृष्टिकोन बदलला. त्यांनी पत्नीच्या वागण्याकडे दीर्घ संकटाला दिलेला प्रतिसाद म्हणून पाहिले आणि नाकारण्यापासून, प्रश्न मिटवण्याची धडपड व घराची विस्कळीत अवस्था यांमधून, व्यसनीला वगळून घराची नव्याने घडी बसवण्यापर्यंत आणि शेवटी, व्यसन सुटलेच तर, त्याला पुन्हा सामावून घेण्यापर्यंतचे टप्पे मांडले. ऑफिसात फोन करून ताप आल्याचे सांगणे, उधारी गुपचूप फेडणे, पाहुण्यांना टाळणे या कृतींना बोलीत ‘पाठीशी घालणे’ म्हणतात. नोकरी टिकावी, अब्रू राहावी म्हणून त्या केल्या जातात. परिणामांची झळ मात्र त्यामुळे व्यसनीपर्यंत पोहोचत नाही. यासाठी रूढ झालेली ‘सहव्यसनाधीनता’ ही संज्ञा जपून वापरावी. डीएसएममध्ये ती निदान म्हणून नाही, आणि तिच्या सैल वापराने जुनाच दोष पुन्हा पत्नीच्या किंवा आईच्या माथी येतो.

मुले याहून मुकाट्याने शिकतात. कुलपात किल्ली किती वेळा अडखळली यावरून आजची रात्र कशी जाणार हे अंथरुणात पडल्या पडल्या ओळखणारे मूल वर्गात पेंगते, आणि मित्रांना घरी बोलावत नाही. व्हिन्सेंट फेलिट्टी, रॉबर्ट आंडा व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घरातील व्यसन हा बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांपैकी एक धरला होता. असे अनुभव जितके अधिक, तितका प्रौढपणी नैराश्य, हृदयविकार व स्वतःच्या व्यसनाचा धोका अधिक आढळला.

उपचारांविषयीचे काही गैरसमज जिवावर बेततात. रोज भरपूर पिणाऱ्याला घरात कोंडून त्याची दारू एकदम बंद केल्यास झटके व कंपोन्माद (थरथर, भ्रम व गोंधळ) होऊन मृत्यू येऊ शकतो. झोपेच्या काही गोळ्यांबाबतही हाच धोका असल्याने त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी कराव्या लागतात. हेरॉइन सुटल्यावर काही दिवसांतच शरीराची सहनक्षमता घटते, आणि पूर्वीचीच मात्रा पुन्हा घेतली तर श्वास थांबू शकतो. नॅलोक्झोन हे औषध वेळेवर मिळाल्यास हा परिणाम उलटवता येतो. हेरॉइनच्या व्यसनावर मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे दीर्घकाळ देणे म्हणजे एका नशेऐवजी दुसरी देणे, असे अनेक कुटुंबांना वाटते. प्रत्यक्षात या उपचाराने मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटते.

मद्यपींनी एकमेकांना आधार देण्यासाठीची अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना १९३५ मध्ये सुरू झाली; नातेवाइकांसाठीची अल-ॲनॉन १९५१ मध्ये. ‘हे मी घडवले नाही आणि मी ते आवरू शकत नाही’ ही जाणीव तेथे एकमेकांच्या अनुभवांतून येते. व्यसनी माणूस उपचार घ्यायला तयार नसला, तरी कुटुंबाने स्वतःसाठी मदत घ्यावी, हा या गटांचा मोठा धडा होय. विल्यम मिलर, रॉबर्ट मेयर्स व सहकाऱ्यांच्या १९९९ मधील अभ्यासात मद्यपींच्या १३० आप्तांची विभागणी तीन पद्धतींत केली होती. आप्तांना संवादाचे व न पिलेल्या वेळांना प्रोत्साहन देण्याचे शिक्षण दिल्यावर ६४ टक्के मद्यपी उपचारांसाठी आले. सर्वांनी मिळून समोरासमोर जाब विचारण्याच्या पद्धतीत हे प्रमाण ३० टक्के, तर अल-ॲनॉनच्या धर्तीवरील पद्धतीत १३ टक्के होते. अर्थात अल-ॲनॉनचा हेतू मुळातच आप्तांना आधार देणे हा आहे.

जॅक्सन यांच्या टप्प्यांतील शेवटचा टप्पा, व्यसन सुटलेल्या माणसाला पुन्हा घरात सामावून घेण्याचा, अपेक्षेपेक्षा अवघड असतो. त्याच्या खिशांची तपासणी चालूच राहते, उशीर झाला की सगळ्यांचे चेहरे बदलतात. व्यवहार हाती घेतलेल्या पत्नीला ते सोडवत नाहीत. काही महिने नशेपासून दूर राहिलेला बाप प्रगतिपुस्तकावर सही करायला पेन उघडतो, तेव्हा पानावर त्याची सही आधीच झालेली असते. ती कशी करायची हे थोरल्या मुलीने तीन वर्षांपूर्वीच शिकून घेतलेले असते.