आयटीआय केलं म्हणजे इंजिनिअरिंगचं दार बंद?

दहावीचा निकाल लागला की एक मेसेज हमखास फिरतो: ‘आयटीआय आणि अप्रेंटिसशिपला गेलेला मुलगा जन्मभर हेल्परच राहतो, इंजिनिअर होऊ शकत नाही.’ मुलांच्या काळजीपोटीच तो पुढे पाठवला जातो. पण तो खरा नाही.

दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड, उदाहरणार्थ फिटर किंवा ड्राफ्ट्समन सिव्हिल, पूर्ण केला की संबंधित डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. डिप्लोमात किमान 45 टक्के (राखीव प्रवर्गाला 40) असले तर पदवीच्याही दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. वेल्डर, प्लंबर हे ट्रेड मात्र एका वर्षाचे, त्यामुळे ट्रेड निवडतानाच कालावधी बघा. माझ्या मते घरोघरी नेमकं हेच विचारायचं राहून जातं.

अप्रेंटिसशिप म्हणजे फुकट राबणं नव्हे. 1961च्या कायद्यानुसार लेखी करार, त्याची नोंदणी आणि दरमहा विद्यावेतन बंधनकारक आहे. मुदत संपल्यावर नोकरी दिलीच पाहिजे असं बंधन सहसा नसतं, हेही खरं. तरी व्हर्नियरवर (बारीक मापं घेण्याच्या साधनावर) माप घेऊन जॉब, म्हणजे बनवलेला भाग, पास करण्याचा सराव चाकण-भोसरीच्या कारखान्यांच्या मुलाखतीत लगेच दिसतो.

खात्री करायची तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाची चालू माहितीपुस्तिका उघडून पात्रतेचं पान वाचा. कंपनीकडे कराराचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर ताडून पाहा.