घोड्याचे भागीदार आणि घोड्याचे वर्गणीदार

लेस्टरला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने एका रात्री व्हिडिओ कॉल केला आणि म्हणाला, "दादा, रेसचा घोडा घेतला!" मागून मावशीने विचारलं, "अरे, बांधणार कुठे?" त्याने मोबाइलवर फोटो दाखवला: तांबूस रंगाची घोडी, शेजारी सोनेरी केसांची मोतद्दार मुलगी, घोडीच्या पाठीवर क्लबचं नाव असलेली झूल. मी विचारलं, "तुझा हिस्सा किती?" त्याला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने कागद पाठवले. त्याने एका रेसिंग क्लबची वर्षाची वर्गणी भरली होती. हिस्सा असा कुठेच नव्हता.

त्याला कुणी फसवलं नव्हतं. कागदावर सगळं स्पष्ट लिहिलं होतं, पण "आमचा घोडा" हे दोन शब्द सगळीकडे इतके सैल वापरले जातात की माणूस वाचतो एक आणि समजतो दुसरं. ब्रिटनमध्ये अनेकांनी मिळून घोडा पळवण्याचे दोन मार्ग शेजारी शेजारी चालतात, सिंडिकेट आणि रेसिंग क्लब. दोन्हींत माणसं थोडे थोडे पैसे भरतात, दोन्हींत ट्रेनरचे निरोप येतात, तबेला बघायला मिळतो, घोडा जिंकला की घसा बसेपर्यंत ओरडता येतं. तरीही हे दोन पूर्ण वेगळे व्यवहार आहेत.

आपल्याकडच्या उदाहरणाने सांगायचं तर सिंडिकेटवाला हा सहकारी साखर कारखान्याच्या सभासदासारखा असतो आणि क्लबवाला गावच्या वाचनालयाच्या वर्गणीदारासारखा. कारखान्याच्या सभासदाच्या नावावर शेअर असतो. कारखाना बुडाला तर झळ त्याला लागते, विकायला निघाला तर तो सभेत उभा राहून बोलू शकतो. वाचनालयाच्या वर्गणीदाराला पुस्तकं घरी नेता येतात, जपून वापरावी लागतात, पण कपाटातलं एकही पुस्तक त्याचं नसतं. आणि वाचनालयावर जीव लावणारी माणसं मी कारखान्याच्या सभासदांपेक्षा जास्त पाहिली आहेत. त्यामुळे वर्गणीदार म्हणजे खालच्या पायरीवरचा असं मला मुळीच म्हणायचं नाही. फक्त आपण कोण आहोत हे आधी कळायला हवं.

भागीदार म्हणजे काय हे समजून घ्यायचं तर वेल्समधल्या केव्हन फॉरेस्ट या गावात जावं लागतं. खाणी बंद पडलेला मुलूख. जॅन व्होक्स या बाई तिथल्या कामगारांच्या क्लबात बारमागे उभ्या राहत आणि सुपरमार्केटमध्ये साफसफाईचं कामही करत. त्यांना प्राणी पैदा करण्याची हौस होती. शर्यतीची कबुतरं आणि व्हिपेट जातीचे कुत्रे त्यांनी आधी वाढवले होते. हॉवर्ड डेव्हिस हे करसल्लागार त्याच बारमध्ये बसत. त्यांनी पूर्वी एका घोड्यात हिस्सा घेऊन चांगलेच पैसे घालवले होते. त्यांचं बोलणं जॅन यांच्या कानावर पडलं आणि त्यांनी मनाशी ठरवलं की आपण घोडा तयार करायचा.

नवरा ब्रायन यांच्यासोबत त्यांनी रूबेल नावाची घोडी ३५० पौंडांत घेतली. शर्यतीत तिने कधी नाव काढलेलं नव्हतं. बिएन बिएन या घोड्यापासून तिला २००१ मध्ये शिंगरू झालं आणि ते गावातल्या भाजीपाल्याच्या वाफ्यांच्या जागेवर वाढलं. मग गावातले २३ जण जमले. प्रत्येकाने आठवड्याला १० पौंड भरायचे ठरले. घोड्याचं नाव ड्रीम अलायन्स. डेव्हिस हिशेब आणि कागद सांभाळू लागले आणि घोडा सॉमरसेटमधल्या फिलिप हॉब्स या नावाजलेल्या ट्रेनरकडे गेला.

ज्या देशात रेसकोर्सवर राजघराण्यापासून अरब शेखांपर्यंतची माणसं मालक म्हणून वावरतात, तिथे ही २३ माणसं मालकांच्या जागेत हक्काने उभी राहिली. मला या गोष्टीत सर्वांत मोलाचं हेच वाटतं. त्यांना तिथे कुणी आत घेतलं नव्हतं. घोडा त्यांचा होता म्हणून ते आत होते.

आणि घोडा आपला असण्याचा खरा अर्थ एप्रिल २००८ मध्ये कळला. लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री (Aintree) रेसकोर्सवर ड्रीम अलायन्सच्या पुढच्या पायाची कंडरा कापली गेली. ही दोरखंडासारखी शीर घोड्याच्या पायामागून खाली उतरते आणि धावताना सगळा भार तीच झेलते. अशी दुखापत झालेले बहुतेक घोडे पुन्हा धावत नाहीत. उपाय एकच होता: घोड्याच्याच अस्थिमज्जेतून मूळपेशी काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि कंडरेत टोचायच्या. उपचार महाग होता, खात्री कसलीच नव्हती. घोड्याने तोवर जिंकलेल्या बक्षिसांचे पैसे शिल्लक होते. ते वाटून घ्यायचे की त्याच्या पायावर घालायचे, हा प्रश्न त्या २३ जणांपुढे होता. त्यांनी पैसे पायावर घातले.

दीड वर्षाहून जास्त काळ गेला. २८ डिसेंबर २००९ रोजी चेप्स्टोच्या चिखलात टॉम ओब्रायन या जॉकीला पाठीवर घेऊन ड्रीम अलायन्सने वेल्श ग्रँड नॅशनल ही लांब पल्ल्याची, अडथळ्यांची मोठी शर्यत जिंकली. मूळपेशींच्या उपचारानंतर एवढी मोठी शर्यत जिंकणारा तो पहिला घोडा समजला जातो. घोडा निवृत्त झाला तेव्हा हिशेब मिटवून प्रत्येकाच्या हातात १,४३० पौंड आले. इतकी वर्षं आठवड्याला १० पौंड भरणाऱ्याला यात फायदा फारसा दिसणार नाही, आणि त्या माणसांना तो दिसावा अशी त्यांचीही अपेक्षा नव्हती. पण हिशेब त्यांना द्यावा लागला, कारण ते हिस्सेदार होते.

इथे एक बारकावा सांगून टाकतो. कागदावर त्यांच्या गटाचं नाव भागीदारी असंच होतं. लोक बोलताना सिंडिकेट म्हणतात. काटेकोर अर्थाने सिंडिकेट म्हणजे एखादा चालक घोडा निवडतो, त्याचे भाग पाडून लोकांना विकतो आणि व्यवस्था स्वतः बघतो. भागीदारीत बहुधा एकमेकांना ओळखणारी मोजकी माणसं असतात. दोन्हींत घोड्यातला हिस्सा माणसाच्या नावावर असतो.

आता दुसरी बाजू. एलिट रेसिंग क्लब हा ब्रिटनमधला मोठा क्लब १९९२ पासून चालू आहे आणि त्याचे सदस्य हजारोंनी आहेत. क्लबने कालिंका या घोडीपासून स्वतःची वंशावळ उभी केली. तिची मुलगी सोव्हिएट साँग हिने २००४ मध्ये गुडवुडला ससेक्स स्टेक्ससारखी शर्यत नरांना हरवून जिंकली. तिच्याच घराण्यात पुढे मार्शा जन्मली. सर मार्क प्रेस्कॉट तिचे ट्रेनर, ल्यूक मॉरिस जॉकी. २०१६ मध्ये तिने फ्रान्समधली प्री द लाबे ही शर्यत जिंकली. पुढच्या ऑगस्टमध्ये यॉर्कला पाच फर्लांगांच्या (साधारण एक किलोमीटरच्या) ननथॉर्प शर्यतीत ती आणि अमेरिकेची लेडी ऑरेलिया एकत्रच शेवटच्या खांबापाशी आल्या. लेडी ऑरेलियावर बसलेल्या फ्रँकी डेटोरीने आपण जिंकलो म्हणून आनंद साजराही केला, आणि फोटोत मार्शा नाकभर पुढे निघाली. त्या दिवशी त्या क्लबातल्या निवृत्त शिक्षकांनी, टॅक्सीचालकांनी घरोघरी टीव्हीसमोर काय केलं असेल, याची मी सहज कल्पना करू शकतो.

डिसेंबर २०१७ मध्ये टॅटरसॉल्स या घोड्यांचे लिलाव करणाऱ्या कंपनीच्या लिलावात मार्शा ६० लाख गिनींना विकली गेली. (घोड्यांच्या लिलावात गिनी अजून जिवंत आहे, एक गिनी म्हणजे एक पौंड पाच पेन्स.) इथे भागीदार आणि वर्गणीदार यांच्यातली रेघ ठसठशीत दिसते. अशी घोडी २० जणांच्या सिंडिकेटची असती तर प्रत्येकाचा विसावा भाग ठरलेला असता आणि चालकाला तो पै-पैसह द्यावा लागला असता. क्लबात तसं नसतं. रेसिंग क्लबचा सदस्य घोड्याचा मालक नसतो. घोडा क्लबच्या किंवा क्लब चालवणाऱ्याच्या नावावर असतो, कधी भाडेपट्ट्यावर घेतलेला असतो. विक्रीच्या रकमेत सदस्याला आपोआप वाटा मिळत नाही. क्लबच्या नियमांत जे लिहिलं असेल, तेवढंच.

म्हणून मला वाटतं, घोडा आहे की घोडी आणि नर असेल तर खच्ची केलेला आहे का, हे या बाबतीत फार महत्त्वाचं ठरतं. ड्रीम अलायन्स खच्ची केलेला होता. अमेरिकेतला फनी साइडही तसाच. न्यूयॉर्क राज्यातल्या सॅकेट्स हार्बरच्या शाळासोबत्यांनी १९९५ मध्ये प्रत्येकी ५,००० डॉलर काढून घोडे घ्यायला सुरुवात केली. पुढे गट थोडा वाढला, ७५,००० डॉलरला हा घोडा घेतला, आणि २००३ मध्ये केंटकी डर्बीला ही मंडळी पिवळी स्कूलबस भाड्याने घेऊन गेली आणि जिंकून आली. अशा घोड्याची धाव संपली की पैदाशीसाठी त्याची किंमत शून्य. तिथे भागीदाराला शेवटी फारसं मिळत नाही; त्याच्याकडे असतो तो निर्णयाचा हक्क आणि खर्चाचा बोजा. चांगल्या रक्ताच्या घोडीत मात्र निम्मी किंमत तिच्या पोटातल्या पुढच्या पिढ्यांची असते, आणि ती कुणाच्या नावावर आहे यावर सगळं अवलंबून असतं.

गेल्या उन्हाळ्यात मी लेस्टरला गेलो तेव्हा भावासोबत त्याच्या क्लबचा तबेला बघायला गेलो. सकाळचे साडेसात. घोड्या चालून परत आल्या होत्या, अंगावरून वाफ निघत होती, लिदीचा आणि ओल्या गवताचा वास भरून राहिला होता. आम्ही १५-२० जण रांगेत उभे. ट्रेनर त्याच तांबूस घोडीपाशी उकिडवा बसला आणि अंगठा व दोन बोटं तिच्या पुढच्या पायामागून हळूहळू खाली फिरवत नेली. एका जागी थांबला. परत वरून खाली आला. पुन्हा तिथेच थांबला. मग दुसरा पाय. उठून म्हणाला, "इथे थोडी ऊब लागतेय. महिनाभर तिला चालवण्यापलीकडे काही करणार नाही." आम्ही माना डोलावल्या. क्लबच्या बाईंशी तो बाजूला जाऊन दोन मिनिटं बोलला आणि पुढच्या घोड्याकडे वळला.

भाऊ परत येताना गाडीत बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आपल्याला कुणी विचारलं नाही." खरंच होतं. विचारायचं कारणही नव्हतं. पण त्या महिन्याभराचा खर्चही त्याच्याकडे कुणी मागितला नाही, आणि हीसुद्धा क्लबची बाजू आहे. ब्रिटनमध्ये एक घोडा वर्षभर ट्रेनिंगमध्ये ठेवायला २०,००० पौंडांच्या पुढेच जातात. घोडा धावो वा लंगडो, ट्रेनरचं बिल, नालबंदाचं, पशुवैद्याचं बिल येतच राहतं. सिंडिकेटमध्ये ते हिस्स्याप्रमाणे दारात येतं. क्लबात वर्गणी भरली की मामला संपला.

रेसकोर्सवर मालकांच्या जागेत जाऊ देणाऱ्या बिल्ल्यांचंही तसंच. सिंडिकेटमध्ये माणसं कमी, त्यामुळे शर्यतीच्या दिवशी पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या आवारात, जॉकीशेजारी उभं राहायची पाळी लवकर येते. हजारोंच्या क्लबात त्यासाठी चिठ्ठ्या टाकतात.

दोन्हींच्या मागे एक माणूस असतो, आणि बाहेरच्याला तोच सगळ्यांत कमी दिसतो: सिंडिकेटचा चालक किंवा क्लबचा व्यवस्थापक. घोडा तोच निवडतो, ट्रेनरशी तोच बोलतो, पैसे त्याच्या हातून जातात. चालक सच्चा असेल तर सिंडिकेटसारखा आनंद नाही. म्हणून त्याला विचारायला लाजू नये. घोडा लिलावात कितीला घेतला आणि आम्हाला भाग कितीच्या हिशेबाने विकतोस? तुझा स्वतःचा हिस्सा किती? घोडा विकत घेतलेला आहे की भाडेपट्ट्यावर? भाडेपट्ट्यावर असेल तर शेवटी विक्रीचा वाटा येणार नाही. विमा आहे का? सिंडिकेट कोणत्या तारखेला मोडणार आणि घोड्याचं तेव्हा काय होणार? ऑस्ट्रेलियात लोकांना असे भाग विकणाऱ्या चालकाला वित्तीय सेवांचा परवाना लागतो, आणि मला ते योग्य वाटतं, कारण तिथे माणूस प्रेमाने पैसे भरत असला तरी मालमत्ता विकत घेत असतो.

पुण्या-मुंबईच्या वाचकाचा इथे आणखी एक गोंधळ होतो. आपल्या कानाला 'क्लब' म्हटलं की रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब आठवतो, ज्याच्या शर्यती हिवाळ्यात महालक्ष्मीला आणि पावसाळ्यात पुण्यात होतात. तो क्लब शर्यती भरवतो, नियम लावतो, मालकांना मान्यता देतो. घोडे मालकांचे. आपल्या रेसच्या पुस्तकात एकेका घोड्यापुढे चार-पाच नावं छापलेली दिसतात. ती सगळी भागीदारांची. एकत्र मिळून पळवण्याची रीत तर आपल्याला बैलगाड्यातून माहीत आहेच. जुन्नर-खेडच्या घाटात चार बैलांच्या गाड्याला बैल दोन-तीन घरचे असतात, आणि माइकवरून पुकारा होतो तेव्हा प्रत्येक घराचं नाव घेतलं जातं. कुणाचं नाव राहिलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतात.

भावाने क्लबची वर्गणी यंदाही भरली. ती घोडी सप्टेंबरात धावली, तिसरी आली, आणि त्याने मला रात्री दीड वाजता उठवून ती शर्यत दाखवली. शिवाय त्याने कामावरच्या चार मित्रांसोबत एका लहान सिंडिकेटचा कराराचा मसुदा मागवला आहे. मसुदा मला वाचायला पाठवला. नऊ पानांत खर्चावर तीन पानं आहेत, जॉकीच्या पोशाखाच्या रंगांवर अर्धं, आणि घोडा जखमी झाला तर निर्णय कोण घेणार यावर एकच ओळ: "व्यवस्थापकाच्या इच्छेनुसार." त्या ओळीखाली त्याने लाल शाईने रेघ मारून मसुदा परत पाठवला आहे.